रेटिनाच्या ऑपरेशनसाठी ४-इन-१ टूल: गाईड खूश आहेत, पण मला डाऊट येतोय

लास्टइयर_मेक
नमस्कार मंडळी, मेकॅनिकल लास्ट इयरला आहे, मेजर प्रोजेक्टला आम्ही चौघांनी डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनचं टूल घेतलंय. कारण असं की आजोबांना शुगरमुळे डोळ्यात रक्त उतरलेलं, व्हिट्रेक्टॉमी (डोळ्यातली जेली कापून ओढून काढायचं ऑपरेशन) करावी लागली, नंतर डॉक्टरांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला तर त्यात सारखं कटर बाहेर, चिमटा आत, चिमटा बाहेर, कात्री आत असं चाललेलं. म्हटलं सगळं एकाच नळीत का नको?
तर २५ गेजच्या नळीत (गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढी नळी बारीक) कटर + सक्शन + चिमटा + लाईट. गाईड सर म्हणतात लेझर पण टाका, फंक्शन जेवढी जास्त तेवढं स्पर्धेत वजन. कॉम्प्युटरवर सॉलिडवर्क्सच्या ड्रॉइंगमध्ये भारी दिसतंय, दहापट मोठं ३डी प्रिंट केलेलं मॉडेल पण चालतं. पण काल मेडिकलमधून २५ गेजची ती केशरी टोपणाची सुई आणली आणि मायक्रोमीटर लावला तर बाहेरून ०.५१ मिमी, आतलं भोक पुस्तकात ०.२६ दिलंय. चौघंही गप्प बसलो. काय ठेवू, काय काढू? आणि टेस्ट कशावर करतात?

पडद्यामागची_बाई
अरे, मी रेटिनाचीच ऑपरेशनं करते म्हणून लिहितेय. तुझी आयडिया चुकीची नाही, जुनी आहे. रॉबर्ट माखेमरनी १९७० च्या सुमारास मायामीत पहिलं व्हिट्रेक्टॉमीचं टूल केलं ते ऑल-इन-वनच होतं, कापणं, ओढणं आणि आत सलाईन सोडणं एकाच दांडीत. पहिला नमुना म्हणजे नळीत फिरणारं ड्रिल बिट, आणि चाचणी अंड्याच्या पांढऱ्यावर! पण ती दांडी १७ गेजची, वर लाईटची बाही चढवली की डोळ्याला २.३ मिमीचं भोक. मग ओ'मॅली आणि हाइन्ट्झनी सलाईन वेगळ्या भोकातून दिलं, लाईट वेगळ्या, कटर वेगळ्या, आणि टूल एकदम ०.९ मिमीवर आलं, म्हणजे २० गेज. आजही तीन भोकंच करतो, फक्त ती २३, २५, २७ गेजची झालीत आणि बहुतेक वेळा टाका लागत नाही. म्हणजे कामं वेगळी केली म्हणून टूल बारीक झालं, आणि तू ती परत एकत्र करतोयस.

आता तिथे आत काय असतं ते सांगते. जेली पडद्याला चिकटलेली असते, कटरने ओढताना पडदा पण ओढला जातो, फाटू शकतो. म्हणून आताची कटर मिनिटाला दहा हजार वेळा वगैरे कापतात, घास छोटा तर ओढ कमी. आयएलएम नावाचा पापुद्रा सोलायचा असतो तो दोन-तीन मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), निळा रंग टाकल्याशिवाय दिसतच नाही, आणि चांगल्या हाताचा कंपसुद्धा १०० मायक्रॉनच्या घरात. १९९९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठवाल्यांनी मोजलं तर पडद्यावरचं बळ बहुतेक वेळा साडेसात मिलिन्यूटनच्या खाली, म्हणजे पाऊण ग्रॅम वजन. ते हाताला लागतच नाही, आम्ही डोळ्यांनी बघून ओळखतो की खड्डा पडतोय, रंग फिका होतोय. तुझ्या मुठीत चार बटणं असली तर दाबताना टोक किती हलेल विचार कर.

भोसरीचा_फिटर
मॅडम बरोबर आहेत, मी वर्कशॉपच्या बाजूने बोलतो. भावा, दहापट मॉडेल चाललं म्हणून खरं चालेल असं समजू नको, इथेच सगळे फसतात. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने जातो, भोक निम्मं केलं तर प्रवाह सोळावा हिस्सा. वाकण्याचं पण तेच, दांडी निम्मी बारीक केली की त्याच बळाला सोळापट वाकते. पहिली २५ गेजची टूल्स म्हणे डोळा फिरवायला गेलं की वेतासारखी वाकायची. आता तुझ्या ०.२६ च्या भोकात हिशोब घाल, लाईटसाठी साधा टेलिकॉमचा फायबर घातला तरी १२५ मायक्रॉन, निम्मी रुंदी तिथेच गेली, उरलेल्यात कटरची आतली नळी मागेपुढे होणार, चिमट्याची तार वेगळी सरकणार, आणि जेली कुठून येणार, तुझ्या गाईडच्या खिशातून?

एक मात्र मॅडमना विचारायचंय, टूल बदलताना दरवेळी आतबाहेर होतं त्यात पण धोका असेलच की? मग एक-दोन कामं एकत्र करण्यात अर्थ आहेच ना.

पडद्यामागची_बाई
आहे, आणि तसं होतंच. लाईटवालं लेझर प्रोब मिळतं, टोकाला प्रकाश देणारा पिक (पापुद्रा उचलायचा बारीक आकडा) मिळतो. कारण लेझर मारताना ती जागा उजळायला लागतेच, दोन्ही कामं एकाच क्षणी एकाच ठिकाणी. चिमटा आणि कटर एकाच क्षणी नाही लागत. उलट शँडेलियर लाईट (हातात न धरता डोळ्यात बसून राहणारा दिवा) वेगळ्या भोकात बसवून टाकला की माझा दुसरा हात मोकळा, एका हातात चिमटा एका हातात कटर, म्हणजे टूलमधलं काम बाहेर काढून जास्त मिळालं. आणि खरं मल्टिफंक्शन बघायचं तर आताच्या कटरचं तिरकं टोक बघ. पोर्ट (जेली आत घेणारं भोक) टोकाच्या इतकं जवळ आणलंय की मी त्यानेच पडद्यावरचे पापुद्रे उचलते आणि कापते, कात्री बऱ्याच वेळा काढावीच लागत नाही. भाग एकही वाढवला नाही, फक्त आकार बदलला.

नाईटड्यूटी_सिस्टर
माझं पण ऐका, ओटीत सोळा वर्षं आहे. तुम्ही इंजिनियर लोक धुण्याचा विचार कधीच करत नाही. मी आधी जिथे होते तिथे एक जोडटूल आलेलं (कंपनी विचारू नका), दोन सांधे आणि मधे फट, त्या फटीत वाळलेलं रक्त, ब्रश जात नाही, सिरिंजने पाणी मारलं तरी निघत नाही. तीन महिन्यांत कपाटात गेलं ते गेलंच. डिस्पोजेबल करणार असाल तर किंमत सांगा, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) करून परत वापरणार असाल तर खोलता आलं पाहिजे. वायरी पण मोजा, कटरची हवेची नळी, सक्शनची नळी, त्यात लाईट आणि लेझरची केबल, तेवढं हातात लटकलं की डॉक्टरांचं मनगट ओढतं आणि ओरडा आम्हाला.

लास्टइयर_मेक
सगळ्यांचे खूप आभार, सिस्टर तुमचं तर प्रिंट काढून लॅबमध्ये लावतोय. काल रात्री मॅडमच्या अंड्यावरून करून बघितलं. वाटीत अंडं फोडलं, पिवळा बलक म्हणजे पडदा असं धरलं आणि केशरी सुईला सिरिंज लावून त्याच्या शेजारून पांढरं ओढलं. सुईच्या तोंडाशी चिकट दोरी अडकली, आत काहीच येईना, आणि बलक आख्खा सुईकडे सरकला, वरचं कातडं ताणलेलं स्पष्ट दिसत होतं. पाचव्या अंड्याला फुटला. न कापता नुसतं ओढलं की काय होतं ते तिथे कळलं. आईने भुर्जी केली, दोन दिवस तेच खातोय.

चिमटा आणि लाईट काढले. आता फक्त कटर, तिरकं टोक, पोर्ट टोकापासून किती लांब ठेवायचं तेवढाच अभ्यास. सरांना उद्या सांगणार आहे. बकऱ्याचा डोळा कधी वापरू?

पडद्यामागची_बाई
अंड्यावर बलक न फोडता वाटी रिकामी झाली की मग. रविवारी सकाळी लवकर जा, मटणवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेव, ताजाच घे आणि बर्फावर आण, दुपारपर्यंत समोरची काच धुरकट होते मग आतलं काही दिसत नाही. थर्माकोलमध्ये खळगा करून टाचण्यांनी बसव. माणसात आम्ही काळ्या भागाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिमी मागे शिरतो, तिथे पडदा नसतो, बकऱ्यात आधी एक डोळा उभा चिरून ती जागा मोजून घे. आणि दोनाऐवजी सहा डोळे आण, पहिले तीन वाया जाणार आहेत.