मदत हवी आहे: हृदयाच्या पेशंटला फोनवर नेमकं काय विचारावं?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात हृदयरोग विभागात नर्स आहे. अँजिओप्लास्टी, बायपास किंवा व्हॉल्व्हचं (हृदयातल्या झडपेचं) ऑपरेशन झालेल्यांना दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर फोन करायचं काम माझ्याकडे आहे. बरेच पेशंट भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडचे. उगाच परत बोलावणं त्यांना परवडत नाही.

"कसं वाटतं?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "बरं आहे ताई." मागच्या महिन्यात काटोलकडच्या एका काकांनीही हेच सांगितलं. फोन ठेवता ठेवता मागून काकू बोलल्या, "तीन रात्री झाल्या, खुर्चीत बसूनच झोपते हे." लगेच बोलावून घेतलं. फुप्फुसात पाणी साचलं होतं. काकू बोलल्या नसत्या तर? हा विचार अजून जात नाही.

तेव्हापासून मी विचारते: झोपताना उशा किती लागतात, पाय सुजून चप्पल घट्ट होते का, दोन-तीन दिवसांत वजन 2 किलो वाढलं का, मनगटात किंवा जांघेत सुई टोचली तिथे सूज आहे का.

हार्ट फेल्युअर (हृदयाचं पंपिंग कमी पडणं) असलेल्या पेशंटसाठीची कॅन्सस सिटी प्रश्नावली पाहिली. 23 प्रश्न, 0 ते 100 गुण, 5 गुणांचा फरकही महत्त्वाचा. पण शेतावर राहणाऱ्याला "एक ब्लॉक (शहरातल्या दोन चौकांमधलं अंतर) चालताना त्रास होतो का" कसं विचारू? आणि मनानं शब्द बदलले तर गुणांना अर्थ राहत नाही.

कुणी अशी प्रश्नावली मराठीतून, फोनवर वापरली आहे का? सुट्टीनंतर पहिला फोन कितव्या दिवशी करता? आणि घरच्यांचं म्हणणं वेगळं नोंदवता का? कृपया अनुभव सांगा.