रूनवर्डनी डायब्लो २ ची वाट लावली? सॉकेटला दोष देण्याआधी हे वाचा

राखाडी_मोनार्क:
तात्यांची कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. त्यांचं म्हणणं असं: रूनवर्डनी डायब्लो २ ची वाट लावली, सगळ्यांच्या बिल्ड (पात्राच्या स्किल आणि सामानाची जुळणी) एका छापाच्या झाल्या, आणि सॉकेट फक्त जेम आणि ज्युएल बसवण्यापुरती ठेवली असती तर बरं झालं असतं. खाली भराभर +१ पडले. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा. नवख्यांसाठी: डायब्लो २ हा राक्षस मारून सामान जमवायचा कॉम्प्युटर गेम; नॉर्मल, नाइटमेअर आणि हेल या त्याच्या चढत्या अवघड पायऱ्या. सॉकेट म्हणजे वस्तूतलं भोक; साध्या वस्तूच्या सॉकेटमध्ये ठराविक रून ठराविक क्रमाने बसवल्या की रूनवर्ड होतो.

रूनवर्ड २००१ पासून आहेत, लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन हे एक्स्पान्शन आलं तेव्हापासून. २००३ च्या १.१० पॅचने एनिग्मा, हार्ट ऑफ द ओक, कॉल टू आर्म्स अशी दांडगी मंडळी आणली, हे मान्य. पण त्याआधी जमिनीवर पडलेल्या साध्या, बिनजादूच्या वस्तूकडे कोण बघत होतं? पांढरं नाव दिसलं की पुढे चला. आज त्याच पांढऱ्या नावासाठी मी राक्षसांच्या घोळक्यातून मागे फिरतो. सॉकेटने कचऱ्याला किंमत आणली, आणि कुठल्या कचऱ्याला किती किंमत हे ओळखायला डोकं लागतं.

एक उदाहरण नीट सांगतो. स्पिरिट या रूनवर्डला बरोब्बर चार सॉकेटची तलवार किंवा ढाल लागते, पाच चालत नाहीत. नॉर्मलच्या काऊ लेव्हलमध्ये (गायींच्या गुप्त भागात) पडलेली साधी क्रिस्टल स्वोर्ड लार्झुककडे (क्वेस्टच्या बक्षिसात सॉकेट पाडून देणाऱ्या लोहाराकडे) नेली की चारच सॉकेट पडतात, कारण तिथल्या गायी २८ लेव्हलच्या आणि २६ ते ४० आयटम लेव्हलला त्या तलवारीची हद्द चारची. तीच तलवार हेलमध्ये उचललीत तर लार्झुक सहा पाडून देतो. क्वेस्ट गेली, तलवारही गेली. मग टाल, थुल, ऑर्ट, आम्न, याच क्रमाने. एक रून पुढेमागे झाली तर हातात फक्त चार रून जडवलेली साधी तलवार राहते. सगळं जमलं तर लेव्हल २५ ला सगळ्या स्किलना +२, २५ ते ३५ टक्के फास्टर कास्ट (जादू फेकण्याचा वेग), वर शंभरच्या आसपास माना (जादूचं इंधन). आणि यातली एकही रून अशी नाही की जिच्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागेल.

युनिकमध्ये (ठरलेल्या गुणांच्या तयार वस्तूंत) खेळणाऱ्याने काय केलं? शाको हे शिरस्त्राण पडलं, डोक्यावर घातलं, विषय संपला. इथे बेस मी निवडतो. एकच टाल हातात असताना आधी माझं स्पिरिट की मर्कचं (भाड्याच्या सोबत्याचं) इन्साइट, यावर अर्धी संध्याकाळ जाते. मी याला बिल्ड करणं म्हणतो.

टेलिपोर्ट_तात्या:
उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं केलंत. स्पिरिट हाच माझा मुद्दा आहे. सोर्सी (सोर्सरेस), नेक्रो (नेक्रोमॅन्सर), ड्रुइड, जो कोणी जादू फेकतो त्याच्या एका हातात स्पिरिट तलवार आणि दुसऱ्या हातात मोनार्क ढालीतलं स्पिरिट. मोनार्कला १५६ स्ट्रेंथ लागते, म्हणून बिचारी सोर्सीसुद्धा व्हायटॅलिटी सोडून स्ट्रेंथमध्ये पॉइंट ओतत बसते. एका ढालीपायी सगळ्या क्लासचं अंकगणित सारखं झालं, आणि तुम्ही मला निवडीचं स्वातंत्र्य सांगताय!

एनिग्मा या चिलखताच्या रूनवर्डचं तर विचारूच नका. टेलिपोर्ट ही सोर्सीची ओळख होती. मी पहिल्यापासून सोर्सीच खेळतोय, अंगात दम नाही पण कुठेही पोचते, हाच तिचा सौदा. आता जाह-इथ-बेर या रून बसवून एनिग्मा केली की बार्बेरियनही टेलिपोर्ट करतो आणि नेक्रो अख्खी फौज घेऊन बॉसच्या डोक्यावर उतरतो. बाकीचे त्याच्यामागे धावत एक्सपी गोळा करतात. पूर्वी रेअर (नशिबाने मिळतील त्या गुणांचं) चिलखत पडलं की गावातल्या केनने त्याची ओळख सांगेपर्यंत जीव टांगणीला लागायचा. आता त्यासाठी कोणी वाकतही नाही. हे नुकसान तुम्हाला दिसत नसेल तर बोलणंच खुंटलं.

हाडकुळा_नेक्रो:
तुमचं दोघांचं चालू द्या, माझी तक्रार तिसरीच आहे. ही रूनवर्डची यादी गेममध्ये कुठे लिहिलेली होती? कुठेच नाही. आमच्या कल्याणच्या कॅफेत भिंतीवर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला असायचा. त्यात एन्शंट्स प्लेज हा ढालीचा रूनवर्ड कोणीतरी राल-टाल-ऑर्ट असा उतरवला होता. खरा क्रम राल-ऑर्ट-टाल. अख्ख्या कॅफेने तीन सॉकेटच्या ढाली त्या कागदापायी वाया घालवल्या, तासाचे पैसे गेले ते वेगळेच, आणि कागद बदलेपर्यंत प्रत्येकाला वाटत होतं की आपलीच काहीतरी चूक होतेय. ज्याच्या घरी नेट त्याचीच बिल्ड चांगली, असा तो काळ. सॉकेट डोक्याचा खेळ आहे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तो पाठांतराचा खेळ आहे.

राखाडी_मोनार्क:
@हाडकुळा, यादी पाठ असणं आणि बिल्ड जमणं यात फरक आहे. यादी आज सगळ्यांकडे आहे, तरी निम्मे लोक मोनार्क उचलून सॉकेट पाडायला थेट क्यूबमध्ये (वस्तू मिसळायच्या पेटीत) टाल, आम्न आणि परफेक्ट रूबी टाकून रडतात. क्यूब एक ते सहामधला आकडा काढतो आणि वस्तूच्या हद्दीपाशी कापतो. मोनार्कची हद्द चार, म्हणजे चार सॉकेट मिळण्याची शक्यता निम्मी. मेज प्लेट या चिलखताची हद्द तीन, म्हणजे तीन मिळण्याची शक्यता दोन तृतीयांश. हे समजलेला माणूस एक मोनार्क घेऊन बसत नाही, दोन-तीन जमवून मगच क्यूब उघडतो. आणि सॉकेट चुकीची भरली गेली असतील तर हेल नावाची रून आणि टाउन पोर्टलचा स्क्रोल वस्तूबरोबर क्यूबमध्ये टाका. आतल्या रून जातात, बेस वाचतो. कॅफेतल्या ढाली वाचल्या असत्या.

सुम्या_सॅनहोजे:
मी सरळ सांगतो. दोन लहान मुलं, नोकरी, रात्री जेमतेम तासभर मिळतो. बेर आणि जाह या दुर्मिळ रून स्वतःच्या नशिबाने पडायची वाट बघितली तर मुलं कॉलेजात जातील. मी पैसे देऊन रून घेतो आणि हॅमरडिन (हातोडे फेकणारा पॅलाडिन) खेळतो. सिस्टिम उत्तम आहे, फक्त वरच्या रूनचं प्रमाण अशक्य आहे. कोणाला त्रास व्हायचं कारण नाही.

विदर्भ_बार्ब:
कारण नाही कसं भाऊ? तुम्ही डॉलर फेकता म्हणून बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्राम) चालवणारे गब्बर होतात आणि लॅडर (सगळ्यांनी शून्यापासून सुरू करायचा हंगाम) सुरू होऊन आठवडा झाला नाही तोवर बाजारात बेरचा पूर येतो. मग आमच्यासारख्याने रात्र-रात्र ट्रॅव्हिन्कलचे राक्षस मारून काढलेल्या इस्ट रूनला कोणी हिंग लावून विचारत नाही. मी पण एकदा फसलो होतो, लपवत नाही. एका विक्रेत्याला पैसे पाठवले, तो माणूस गेममध्ये आला, ट्रेड विंडो उघडली, बंद केली आणि गायब. पैसे बुडाले, लो रूनची वाट बघत बसलो. तेव्हापासून शपथ आहे, पडेल तेच घालेन. लो लागणारा ग्रीफ रूनवर्ड अजून नाही माझ्याकडे, एनिग्माही नाही. ओथ या शस्त्राच्या रूनवर्डवर खेळतो.

सुम्या_सॅनहोजे:
तुमचा एक माणूस फसवून गेला म्हणून मी चोर? आणि जुन्या बॅटलनेटवर (गेमच्या ऑनलाइन सर्व्हरवर) काय सोवळं होतं? डुप केलेल्या (नकली प्रती काढलेल्या) स्टोन ऑफ जॉर्डन अंगठ्यांवर सगळा बाजार चालायचा. दर थोड्या वेळाने 'इतके स्टोन ऑफ जॉर्डन व्यापाऱ्यांना विकले' असा मेसेज झळकायचा, ते सगळे काय कोणी मेहनतीने काढलेले होते? तुमच्या पहिल्या एनिग्मातली जाह खरी होती की नक्कल, छातीवर हात ठेवून सांगा.

विदर्भ_बार्ब:
माझ्याकडे एनिग्मा नव्हतीच कधी, वर लिहिलंय ते वाचत चला जरा. अमेरिकेत बसून आम्हाला वेळेची किंमत शिकवू नका. आमच्याकडे भारनियमनात गेम बंद पडायचा तरी आम्ही पुन्हा पहिल्यापासून चालू करायचो.

काउंटेसची_शेजारीण:
भांडण थांबवा दोघं. बाजाराची एवढी चीड येते तर बाजारात जाताच कशाला? मी ऑफलाइन खेळते. एकटी, बॉट नाही, विक्रेता नाही. ऑफलाइनमध्ये नकाशा तोच राहतो, म्हणून हेलमध्ये लोअर कुरास्ट या भागाचा असा नकाशा शोधायचा की शेकोटीशेजारच्या झोपड्या वेपॉइंटच्या (प्रवासाच्या थांब्याच्या) जवळ आल्या पाहिजेत. प्लेअर्स ७ ची (जणू सात जण खेळताहेत अशी) कमांड द्यायची, टेलिपोर्टने जायचं, त्या झोपड्यांतल्या पेट्या उघडायच्या, सेव्ह करून बाहेर. रून पडण्याचा मॅजिक फाइंडशी (जादुई वस्तू पडण्याची शक्यता वाढवणाऱ्या गुणाशी) काही संबंध नाही, त्यामुळे त्यासाठी खास कपडेही लागत नाहीत. माझी पहिली बेर तिथलीच. पडली तेव्हा बाजूला झोपलेली मुलगी उठली एवढ्या मोठ्यांदा ओरडले होते. सुमीतभाऊ असो की सुम्या, तुमच्याही घरी मुलं आहेत, मलाही आहे. तासाभरात हे होतं. वेळ नाही हे कारण मला पटत नाही.

सुम्या_सॅनहोजे:
पेट्या उघडण्यात मजा वाटत असेल तर जरूर उघडा. मला राक्षस मारायचे असतात. पण ठीक आहे, नकाशा तोच राहतो हे मला ठाऊक नव्हतं. बघेन एखादे दिवशी. विदर्भवाल्यांना माझ्याकडून आणखी उत्तर नाही.

फ्रेम_मोजणारा:
मूळ विषयावर येऊ का? तात्या म्हणतात सगळ्यांच्या बिल्ड सारख्या. हॅमरडिनचंच घ्या, वेग ठराविक टप्प्यांवरच वाढतो. पॅलाडिनचे फास्टर कास्टचे टप्पे ९, १८, ३०, ४८, ७५, १२५. हार्ट ऑफ द ओक या शस्त्राचे ४०, अॅरॅक्निड पट्ट्याचे २०, मेजफिस्ट हातमोज्यांचे २०, एक अंगठी १० ची. झाले ९० आणि उरले ३५. स्पिरिट ढाल पस्तीसची निघाली तर १२५ बरोब्बर आणि दुसऱ्या अंगठीची जागा मोकळी. ढाल चौतीसची निघाली तर १२४, आणि १२४ ला गेम ७५ इतकंच धरतो. एका टक्क्यासाठी दुसरी अंगठी बदलावी लागते, ती बदलली की रेझिस्टन्स कमी पडतो, तो भरायला चार्म (पिशवीत ठेवायच्या जादुई वस्तू) हलवावे लागतात. तात्या, कपाटातले कपडे तेच असतील, पण अंगावर बसवताना प्रत्येकाचं गणित वेगळं येतं.

टेलिपोर्ट_तात्या:
तुम्ही पाच वस्तू मोजल्यात आणि पाचही त्याच, ज्या प्रत्येक हॅमरडिनकडे असतात. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, आभारी आहे.

राखाडी_मोनार्क:
तात्या, त्या यादीत अंगठीही होती, ती तुम्ही सोयीस्कर गाळलीत. रूनवर्ड फक्त शस्त्र, चिलखत, शिरस्त्राण आणि ढालीत होतात. अंगठ्या, गळ्यातलं, हातमोजे, बूट, पट्टा यांत सॉकेटच नाही. तिथे अजूनही रेअर आणि क्राफ्टेडच (क्यूबमध्ये बनवलेलंच) राजा आहे. +२ स्किल आणि २० फास्टर कास्टचं क्राफ्टेड अॅम्युलेट निघालं तर त्याच्यापुढे कुठलं युनिक टिकतं? तुमचा रेअर ओळखून बघण्याचा आनंद कोणी हिरावलेला नाही, तो चिलखतातून अंगठीत गेलाय एवढंच.

एनिग्माबद्दल मी पहिल्या पोस्टमध्येही तिची बाजू घेतलेली नाही. परक्या क्लासचं स्किल वाटणं हा त्या एका शब्दाचा दोष आहे. त्यासाठी स्टेल्थ, लोअर, स्मोक, इन्साइट अशा गरिबाच्या रूनवर्डना फासावर का चढवायचं? नॉर्मलमध्ये टाल आणि एथ, दोन रून, दोन सॉकेटचं साधं चिलखत, झाला स्टेल्थ, आणि पात्र धावायला लागतं. नव्या खेळणाऱ्याला या गेममध्ये टिकवून ठेवणारी गोष्ट हीच आहे. माझ्या भाच्याला मी गेम शिकवला तो रून टाकणाऱ्या काउंटेस या बॉसपासून. तिने एथ टाकली तेव्हा त्याने स्वतः विचारलं, मामा, आता दुसरी कोणती लागेल?

टेलिपोर्ट_तात्या:
अंगठ्यांचं ठीक आहे, तेवढं मान्य करतो. गरिबाच्या रूनवर्डचंही. इन्साइटवाल्या मर्कशिवाय मीसुद्धा नाइटमेअरमध्ये पाय ठेवत नाही, माना पुरत नाही. पण मोनार्कमध्ये १५६ ओतणार नाही आणि एनिग्मा घातलेल्याच्या पार्टीत येणार नाही, ते बदलायचं नाही.

विदर्भ_बार्ब:
तात्या, माझ्या पार्टीत या. एनिग्मा नाही, स्पिरिट नाही, बार्ब पायीच चालतो. शनिवारी रात्री दहा नंतर, नाइटमेअरमधला शेवटचा बॉस बाल. शेजारीणताई, तुम्ही ऑनलाइन आलात तर तुम्ही पण.