हायड्रोजन वॉटर: बाटलीत नेमके काय असते आणि पोटात नेमके काय पोहोचते?

ओंजळ

गेले सहा महिने मी हायड्रोजनयुक्त पाणी पिते आहे. सुरुवातीला गोळ्या वापरल्या, आता विजेवर चालणारी बाटली वापरते. या काळात जे वाचले आणि पाहिले ते मांडते आहे, म्हणजे जाणकारांना त्यातल्या चुका दाखवता येतील.

पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतातच, मग आणखी हायड्रोजन घालणे म्हणजे समुद्रात मीठ टाकणे नव्हे का, असे मला घरातूनच विचारले गेले. पाण्यातला हायड्रोजन ऑक्सिजनशी घट्ट बांधलेला असतो आणि तो शरीराला सुटा मिळत नाही. इथे जो मिसळतात तो मोकळा हायड्रोजन वायू असतो. सोड्याच्या बाटलीत कार्बन डायऑक्साइड विरघळवतात तसाच हा वायू पाण्यात विरघळवला जातो. फरक इतकाच की हायड्रोजन पाण्यात फारच थोडा विरघळतो. नेहमीच्या तापमानाला आणि नेहमीच्या हवेच्या दाबाइतक्या दाबाचा शुद्ध हायड्रोजन पाण्यावर असला, तरी एका लिटरमध्ये सुमारे 1.6 मिलिग्रॅमच मुरतो. वायूच्या मापात ते जेमतेम चार चहाचे चमचे होतात. या वायूला रंग, वास किंवा चव नसते आणि पाण्याचा सामूही (आम्लता दाखवणारा पीएच) त्याने बदलत नाही. त्यामुळे अल्कलाइन पाणी आणि हायड्रोजन पाणी एकच समजण्याची चूक करू नये. अल्कलाइन पाण्याच्या यंत्रात ऋणाग्राजवळ, म्हणजे विजेच्या ऋण टोकाजवळ, थोडा हायड्रोजन तयार होतो हे खरे, पण सामू नऊ झाला म्हणून त्यात हायड्रोजन भरपूर आहे असे ठरत नाही.

माझ्या बाटलीच्या तळाशी दोन विद्युतअग्रांच्या मध्ये एक पातळ पटल आहे. वीज सुरू झाली की पाण्याचे अपघटन होते. धनाग्राकडचा ऑक्सिजन तळाच्या छिद्रातून बाहेर जातो आणि ऋणाग्राकडचा हायड्रोजन वर पिण्याच्या पाण्यात येतो. बटण दाबल्यावर तळातून इतके बारीक बुडबुडे उठतात की पाणी क्षणभर पातळ ताकासारखे दिसते. पहिल्या दिवशी ते पाहून मला वाटले की हाच हायड्रोजन. प्रत्यक्षात डोळ्यांना दिसणारा बुडबुडा म्हणजे अजून न विरघळलेला, निघून जाण्याच्या वाटेवरचा वायू असतो.

माझे मत असे की पाण्यात हायड्रोजन विरघळतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. त्याचा शरीराला उपयोग होतो का, या प्रश्नावर मी अजून कुंपणावर बसले आहे.

परीक्षानळी

कुंपणावर बसण्याइतकीही जागा मला दिसत नाही.

या साऱ्या उत्साहाचे मूळ 2007 साली नेचर मेडिसिन या नियतकालिकात आलेल्या जपानी शोधनिबंधात आहे. मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ तोडलेल्या उंदरांना हायड्रोजन हुंगवल्यावर मेंदूची हानी कमी झाली आणि हायड्रॉक्सिल या अत्यंत विध्वंसक मूलकाला, म्हणजे पेशींची नासधूस करणाऱ्या अतिक्रियाशील कणाला, हायड्रोजन निवडून निष्प्रभ करतो, असे त्यात म्हटले होते. त्याआधी 1975 मध्ये सायन्स या नियतकालिकात त्वचेच्या कर्करोगाच्या उंदरांवरचा एक प्रयोग आला होता, परंतु तिथे उंदीर आठ वातावरणांच्या दाबाखाली, 97.5 टक्के हायड्रोजनच्या कोठडीत होते. विक्रेते या प्रयोगाचा उल्लेख बाटलीच्या माहितीपत्रकात करतात तेव्हा कोठडी आणि बाटली यांतले अंतर सोयीस्करपणे गाळून टाकतात.

आता मुख्य आक्षेप. हायड्रॉक्सिल मूलक समोर येईल त्याच्याशी तत्क्षणी भिडते. ग्लुकोजशी होणारी त्याची अभिक्रिया हायड्रोजनशी होणाऱ्या अभिक्रियेपेक्षा तीस पटींहून अधिक वेगवान आहे. शिवाय रक्तातले ग्लुकोज एका लिटरमध्ये साधारण पाच मिलिमोल (रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) असते, तर पूर्ण संपृक्त हायड्रोजन पाण्यातही हायड्रोजन 0.8 मिलिमोलच असतो आणि रक्तात पोहोचेपर्यंत तो त्याच्या लहानशा अंशावर येतो. प्रथिने, मेद आणि शर्करा यांच्या गर्दीत हायड्रोजनचा रेणू मूलकापर्यंत आधी पोहोचेल अशी अपेक्षा धरणे म्हणजे यात्रेच्या गर्दीत एखाद्याने हाक मारावी आणि नेमके आपल्याच नातेवाइकाने मागे वळून पाहावे अशी आशा धरण्यासारखे आहे.

त्यातून आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणू न पचलेल्या कर्बोदकांपासून स्वतःच हायड्रोजन बनवत असतात. लॅक्टोज पचत नसल्याचे निदान करताना श्वासातला हायड्रोजन मोजतात आणि त्यात वीस पीपीएमची (दशलक्ष भागांत वीस भागांची) वाढ झाली की चाचणी सकारात्मक धरतात. जो वायू शरीर फुकट बनवते, त्याचे चार चमचे बाटलीतून घेतल्याने क्रांती का व्हावी, याचे उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

पहाटफेरी

परीक्षानळी यांचे रसायनशास्त्र निर्दोष असेल, पण त्यांचा निष्कर्ष घाईचा आहे. हायड्रोजन थेट मूलक गिळतो हे स्पष्टीकरण लंगडे आहे, हे या क्षेत्रातले संशोधकही आता मान्य करतात आणि पेशींच्या स्वतःच्या संरक्षक यंत्रणेला हायड्रोजन संकेत देत असावा, अशा दिशेने विचार करतात. एक स्पष्टीकरण कोसळले म्हणून परिणामही खोटा ठरत नाही. कित्येक औषधे ती नेमकी कशी काम करतात हे कळण्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होती.

आतड्यातल्या हायड्रोजनचा मुद्दाही मला एकतर्फी वाटतो. तो दिवसभर थोडाथोडा आणि मोठ्या आतड्यात तयार होतो. प्यायलेले पाणी जठरात एकदम येते, काही मिनिटांत श्वासातला हायड्रोजन वर जातो आणि साधारण तासाभरात पुन्हा खाली येतो. अचानक आलेली लाट आणि संथ झिरपणारा झरा यांचा परिणाम सारखाच असेल, हे गृहीत कशावरून धरायचे?

माणसांवरही काम झालेले आहे. 2013 मध्ये जपानमध्ये पार्किन्सनच्या 17 रुग्णांवर चाचणी झाली. रोज एक लिटर हायड्रोजन पाणी 48 आठवडे पिणाऱ्या गटाच्या लक्षणांचे गुणांकन सुधारले, तर साधे पाणी पिणाऱ्यांचे खालावले. मी स्वतः रोज सकाळी चालून आल्यावर हे पाणी पितो आणि पायांतला ठणका कमी जाणवतो. माझ्या अनुभवाला पुरावा म्हणा असा माझा आग्रह नाही, पण त्याला भ्रम म्हणण्याचा अधिकारही मी कोणाला देत नाही.

परीक्षानळी

2013 च्या चाचणीचा उल्लेख केलात ते बरे झाले, कारण तिची पुढची पायरी माहीत असणे आवश्यक आहे. त्याच संशोधकांनी अनेक केंद्रांवर 178 रुग्णांना घेऊन 72 आठवड्यांची मोठी चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध केले. पाणी सुरक्षित ठरले, परंतु हायड्रोजन पाणी पिणारे आणि साधे पाणी पिणारे यांच्यात फरक आढळला नाही. सतरा जणांमध्ये दोघातिघांचा चांगला महिना सारे चित्र बदलून टाकू शकतो. संशोधकांनी आपलाच आशादायक निकाल प्रामाणिकपणे पुन्हा तपासला याबद्दल माझ्या मनात आदर आहे. विक्रेते मात्र अजून 2013 मध्येच राहतात.

वर्गपाटी

उपयोगाचा वाद चालू द्या. मी पंचवीस वर्षे प्रयोगशाळेत मुलांकडून हायड्रोजन तयार करून घेतला आहे, म्हणून पाणी घरी तयार करण्याच्या पद्धतींबद्दल लिहिणे मला अधिक गरजेचे वाटते.

गोळीमध्ये धातुरूप मॅग्नेशियम आणि मॅलिक किंवा टार्टरिक यांसारखे खाद्य आम्ल असते. पाण्यात टाकल्यावर गोळी तळाशी जाते, अंगावर बुडबुडे चढले की गिरक्या घेत वर येते, बुडबुडे फुटले की पुन्हा बुडते आणि शेवटी राखाडी भुगा होऊन तरंगत विरते. 80 मिलिग्रॅम मॅग्नेशियमपासून साधारण साडेसहा मिलिग्रॅम हायड्रोजन निघतो, म्हणजे लिटरभर पाण्यात मुरेल त्याच्या चौपट. उघड्या पेल्यात यातला बहुतेक हवेत जातो. गोळीनंतर पाण्यात मॅग्नेशियमही उरते, ही गोष्ट वेष्टनावर असली तरी वाचली जात नाही. अमेरिकेत पूरक आहारातून प्रौढांनी दिवसाला 350 मिलिग्रॅमहून अधिक मॅग्नेशियम घेऊ नये असे सांगतात आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर वैद्यांना विचारल्याशिवाय या गोळ्यांच्या वाटेला जाऊच नये. मॅग्नेशियमच्या कांड्याही मिळतात, परंतु त्यांच्यावर हायड्रॉक्साइडचा पांढरा थर साचला की अभिक्रिया मंदावते आणि व्हिनेगरमध्ये बुडवून तो काढावा लागतो.

विजेच्या बाटलीत पटल आहे की नाही, हे विकत घेण्याआधी तपासावे. पटल नसेल तर दोन्ही अग्रांवरचे वायू एकाच पाण्यात मिसळतात आणि पाण्यात क्लोराइड असल्यास धनाग्रावर क्लोरीन तयार होऊ शकतो. कठीण पाण्याचा क्षार ऋणाग्रावर साचतो, तो सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने निघतो.

काही जण जस्त आणि आम्ल किंवा ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक सोडा वापरून वायू तयार करतात आणि नळीने पाण्यात सोडतात. हे कृपया करू नये. बाजारातल्या जस्तात आर्सेनिकचा अंश असला तर हायड्रोजनबरोबर आर्सिन हा अत्यंत विषारी वायू बाहेर पडतो. हवेत हायड्रोजन 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत असला की ठिणगीने पेट घेतो, आणि झाकण आवळलेली काचेची बाटली आतल्या दाबाने फुटली तर तिच्या काचा कोणाचीही गय करत नाहीत.

थोडे अवांतर, पण याच विषयातले. प्रात्यक्षिकात विक्रेता दोन पेल्यांत अग्रे बुडवतो, नळाचे पाणी तपकिरी गाळाने भरते आणि त्याच्या यंत्राचे पाणी नितळ राहते. तो गाळ पाण्यातला नसतो, अग्रांच्या लोखंडाचा असतो. दुसऱ्या पेल्यातले पाणी क्षारविरहित असल्याने त्यातून वीज वाहत नाही, एवढेच.

पहाटफेरी

वर्गपाटी सर, या माहितीबद्दल आभार. माझ्या बाटलीत पटल आहे आणि वेष्टनावर 3000 पीपीबी लिहिले आहे. हा आकडा खरा मानावा का?

वर्गपाटी

पीपीबीचे मोठे आकडे भारदस्त दिसतात, म्हणूनच ते छापतात. 3000 पीपीबी म्हणजे लिटरमध्ये 3 मिलिग्रॅम. हायड्रोजनचा दाब दुप्पट झाला की विरघळणारा हायड्रोजनही दुप्पट होतो, तेव्हा बाटली बंद असून आत वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट दाबाचा हायड्रोजन साठत असेल तर हे शक्य आहे. झाकण उघडताना फस्स असा आवाज येत नसेल तर शंका घ्यावी. जपानच्या ग्राहकविषयक राष्ट्रीय केंद्राने 2016 च्या डिसेंबरमध्ये तयार पाणी आणि यंत्रे तपासली, तेव्हा काही बाटल्यांमध्ये विरघळलेला हायड्रोजन आढळलाच नव्हता. प्लॅस्टिकच्या भिंतीतूनही हा इवलासा रेणू पसार होतो, म्हणून तयार पाणी ॲल्युमिनियमच्या पाकिटात भरतात.

मोजायचे असेल तर मिथिलीन ब्लू आणि कलिल प्लॅटिनम यांचे थेंब मिळतात. सहा मिलिलिटर पाण्यात थेंब टाकत जायचे. हायड्रोजन असेपर्यंत निळा रंग नाहीसा होतो, आणि रंगहीन झालेला प्रत्येक थेंब म्हणजे लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम. पाण्यात जीवनसत्त्व क असल्यास रंग त्यानेही जातो, तेव्हा पाणी साधे घ्यावे. मिलिव्होल्ट दाखवणाऱ्या मापकावर भिस्त ठेवू नये, कारण सामू वाढला तरी त्याचा आकडा ऋण दिशेला सरकतो.

ओंजळ

ते थेंब मिळवून मोजले. दहा मिनिटांचे चक्र संपताच घेतलेल्या पाण्यात तेरा थेंब रंगहीन झाले आणि चौदावा निळाच राहिला, म्हणजे 1.3 मिलिग्रॅम. माझ्याही बाटलीवर 3000 पीपीबीच लिहिले आहे. तेच पाणी रुंद तोंडाच्या पेल्यात दोन तास उघडे ठेवले तेव्हा पाचच थेंब रंगहीन झाले.

पुढचे लिहिताना मला थोडे ओशाळल्यासारखे होते आहे. सकाळी गडबड नको म्हणून मी रात्रीच यंत्र चालवून पाणी साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, अर्धी रिकामी ठेवून, भरत असे आणि उठल्यावर पीत असे. त्या सकाळच्या पाण्यात पहिलाच थेंब टाकला, तो निळा दोरा होऊन खाली उतरला, हळूहळू पसरला आणि तसाच राहिला. मी पेला हलवून पाच मिनिटे वाट पाहिली. म्हणजे सहा महिने सकाळी जी तरतरी मला जाणवत होती, ती बहुधा साध्या पाण्याचीच होती.

पहाटफेरी

ओंजळ ताई, आपला प्रामाणिकपणा मोठा आहे, पण त्यातून माझ्या पाण्याविषयी काही सिद्ध होत नाही. मी पाणी तयार झाल्याबरोबर, बाटलीलाच तोंड लावून पितो.

परीक्षानळी

मग एक करून पाहा. दोन सारख्या पेल्यांपैकी एकात ताजे हायड्रोजन पाणी आणि दुसऱ्यात साधे पाणी, असे घरातल्या कोणाला तरी तुमच्या नजरेआड भरू द्या. आज कोणता पेला दिला हे नाणेफेकीने ठरावे आणि त्याची नोंद त्यांनीच ठेवावी. तुम्ही फक्त संध्याकाळी पायांच्या ठणक्याला दहापैकी गुण द्या. दोन महिन्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवू.

पहाटफेरी

मान्य आहे. माझी अट एवढीच की पाणी माझ्या मुलीने भरावे, कारण माझ्या पत्नीच्या चेहऱ्यावरून कोणता पेला आहे हे मला पाणी ओठांना लागण्याआधीच कळेल. आणि वर्गपाटी सरांनी सांगितलेले थेंब मी आधी मागवतो. माझ्या बाटलीचे झाकण उघडताना फस्स असा आवाज येत नाही, हे मी काल मुद्दाम कान देऊन ऐकले.