स्केल, गेज की प्रमाण? मॉडेल रेल्वे घेताना नेमका शब्द कोणता

नवीनच_आहे
भाच्यासाठी (खरं सांगायचं तर माझ्यासाठीच) मॉडेल रेल्वे घ्यायचीय. एका जाहिरातीत 'एचओ स्केल' तर दुसरीत 'एचओ गेज', दुकानदार म्हणतो दोन्ही एकच. आमच्याकडे स्केल म्हणजे फूटपट्टी नाहीतर पगाराचं स्केल. मराठीत याला काय म्हणायचं, आणि फरक खरंच असतो का?

रूळकरी
असतो, आणि न बघता घेतलं तर पैसे वाया जातात. स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या कितव्या हिश्श्याएवढं मॉडेल, गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. एचओ म्हणजे १:८७ आणि रूळ १६.५ मिमी, इंग्लंडातलं ओओ १:७६ पण रूळ तेच १६.५! म्हणजे गेज एक, स्केल दोन. एकाच ट्रॅकवर दोन्ही धावतात पण शेजारी उभे केले की ओओचा माल थोराड दिसतो. ब्रिटिश इंजिनं मुळातच चणीने लहान, १:८७ मध्ये केली तर त्या काळच्या मोटरी आत मावेनात, मग बॉडी वाढवली आणि रूळ होते तसेच ठेवले.

भूगोलवाली
स्केलला शाळेतला 'प्रमाण' आहे की. 'फुटाला साडेतीन मिलिमीटर' हे शब्दप्रमाण, १:८७ हे अंकप्रमाण. फक्त 'मोठ्या प्रमाणात मॉडेल्स' असं लिहिलंत तर लोकांना वाटेल ढिगाने मॉडेल्स आहेत, तेव्हा 'मोठ्या प्रमाणाचं' लिहा. आणि नकाशासारखंच इथेही आकडा लहान तेवढं मॉडेल मोठं, बागेत चालवतात ते 'जी' स्केल १:२२.५, आणि १:२२० चं झेड अगदी चिमुकलं.

रूळकरी
+१. गेजसाठी सरकारी मराठीत 'रुंदमापी', 'मीटरमापी' आहे पण ते सुटं वापरता येत नाही, 'याचं मापी किती' असं कोण विचारतं? ब्रॉडगेज-नॅरोगेज आमच्या आजीच्याही तोंडात होतं, गेजच म्हणा.

नवीनच_आहे
आणि ही अक्षरं? एचओ, एन, झेड?

रूळकरी
एचओ म्हणजे हाफ-झिरो, 'झिरो' साइजच्या निम्मं, म्हणून जर्मन लोक ओ न म्हणता 'हा-नुल' (एच-शून्य) म्हणतात. एन म्हणजे नऊ, रूळ ९ मिमी. स्केल मात्र देशागणिक बदलतं, युरोप-अमेरिकेत १:१६०, इंग्लंडात १:१४८, जपानात बहुतेक १:१५०. नुसतं 'एन' वाचून ऑर्डर देऊ नका, आकडा बघा. आणखी एक साइज आहे टीटी, म्हणजे टेबल टॉप. झेड १९७२ मध्ये मेर्कलिन या जर्मन कंपनीने काढलं.

बार्शीलाईट
आपल्या गाड्यांची गंमत कुणी सांगितलीच नाही. १६.५ ला ८७ ने गुणा, १४३५ मिमी येतात, ते युरोप-अमेरिकेचं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६, म्हणजे १:८७ मध्ये रूळ १९.३ मिमी हवेत. बाजारात तयार मिळतो तो १६.५ चा, म्हणून भारतीय एचओ मॉडेलं बहुधा त्यावरच चालतात, समोरून बघितलं की चाकं आत ओढल्यासारखी वाटतात. मला ते खुपतं, बहुतेकांना दिसतही नाही. उलट आमची जुनी बार्शी लाइट नाहीतर विदर्भातली ती शकुंतला, दोन्ही नॅरोगेज गाड्या अडीच फुटी होत्या म्हणजे ७६२ मिमी, भागिले ८७ केलं की पावणेनऊ. एनचा ९ मिमीचा ट्रॅक घ्यायचा आणि त्यावर एचओ मापाची नॅरोगेज चालवायची, अगदी बेमालूम! माथेरानची दोन फुटी जरा अवघड, तिला सात मिमी लागतात.

नवीनच_आहे
डोकं गरगरलं. वन बीएचके आहे, काय घेऊ ते सांगा.

रूळकरी
आपला निळा आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याचा) डबा २१.३ मीटर, एचओत साडेचोवीस सेंटिमीटर, एनमध्ये तेरा. पाच डबे आणि एक इंजिन म्हणजे एचओत जवळजवळ दीड मीटरची गाडी, ती वळवायला निदान चार फूट रुंद फळी, आणि तेवढ्या घट्ट वळणावर लांब डब्यांची पोटं बाहेर येतात ते वेगळंच. एनला दाराच्या फळीएवढी जागा पुरते. जागेचा हिशेब केला तर एन. पण भारतीय गाड्याच हव्या असतील आणि लहान मूल हाताळणार असेल तर एचओ, एनच्या कपलिंगशी (डबे जोडायच्या आकड्यांशी) झटताना मोठ्यांचीही चिडचिड होते.

भूगोलवाली
पुण्यात असाल तर आधी कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या, एचओचा डबा केवढा असतो ते तिथे कळेल. भाच्याला न्या, नाहीतर त्याच्या नावावर तिकीट तुमचंच!