मदत हवी आहे: इंधन संपत आलं की सूर्य मंद व्हायचा सोडून भडकतो कसा?

नमस्कार मंडळी,

भाची आठवीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला सूर्याच्या जन्मापासून अंतापर्यंतचा तक्ता करायचाय आणि 'मामा सायन्सवाला' म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. बी.एस्सी. होऊन बावीस वर्षं झाली, तेव्हापासून बँकेत आहे. तरी म्हटलं, त्यात काय एवढं! हायड्रोजनचा हेलियम होतो, ऊर्जा बाहेर पडते, आणखी ५०० कोटी वर्षांनी सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होतो, शेवटी श्वेत बटू, म्हणजे हळूहळू निवत जाणारा छोटा तारा. पुस्तकात आहेच.

तक्ता अर्धा झाला आणि पोरीने विचारलं, "मामा, सिलिंडर संपत आलं की शेगडीची ज्योत बारीक होते. मग सूर्याचा गॅस संपत आल्यावर तो मोठा कसा होतो?"

मी म्हटलं, "आधी जेवून घे."

ती झोपल्यावर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, तर वेगळाच घोळ. सूर्याचं वस्तुमान २ वर ३० शून्यं इतके किलो. शक्ती ३८ वर २५ शून्यं इतके वॅट. भागाकार केला तर एक टन सूर्यामागे ०.१९ वॅट! झिरोचा दिवासुद्धा लागायचा नाही. माणूस बसल्या जागी साधारण १०० वॅट उष्णता टाकतो, म्हणजे किलोमागे मी सूर्याच्या सात हजार पट तापट. (बायकोला हे पटलं.) तीनदा तपासलं, शून्यं बरोबर आहेत. आणि जिथे तिथे तर 'सूर्य म्हणजे अखंड फुटणारा हायड्रोजन बॉम्ब' असं लिहिलेलं असतं.

तर प्रश्न दोन. एक, ही आकडेमोड बरोबर आहे का? दोन, भाचीला काय सांगू? रविवारपर्यंत हवंय.

कडक_चहा:
आकडेमोड बरोबर आहे. सूर्य झगझगीत आहे तो अवाढव्य आहे म्हणून, भडक जळतो म्हणून नव्हे. ऊर्जा फक्त गाभ्यात तयार होते, तिथलं तापमान दीड कोटी अंश. तरीही तिथल्या एका घनमीटरमागे तीनशे वॅटसुद्धा निघत नाहीत. शेणखताचा मोठा ढीग आतून तापतो ना, त्याच जातीची ही धग.

निवृत्त_मास्तर:
बॉम्बची उपमा तक्त्यातून काढाच. बॉम्बमध्ये जड हायड्रोजन (ज्याच्या केंद्रात प्रोटॉनसोबत न्यूट्रॉनही असतो) वापरतात, तो चटकन जुळतो. सूर्याला साध्या हायड्रोजनपासून, म्हणजे सुट्या प्रोटॉनपासून सुरुवात करावी लागते. दोन्ही प्रोटॉन धनभारित, एकमेकांना ढकलणारे. दीड कोटी अंशालाही ही ढकलाढकलीची भिंत ओलांडण्याइतका जोर त्यांच्यात नसतो. क्वांटम नियमांमुळे क्वचित एखादा भिंतीतून 'झिरपतो'. भौतिकशास्त्रज्ञ गॅमॉने १९२८ मध्ये ही युक्ती अणुकेंद्रांसाठी मांडली आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅटकिन्सन आणि हाउटरमान्स यांनी ती ताऱ्यांना लावली. बरं, झिरपूनही भागत नाही. त्याच क्षणी दोघांपैकी एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, तरच जोडी टिकते. हा योग इतका दुर्मीळ की गाभ्यातल्या एका प्रोटॉनला सरासरी अब्जावधी वर्षं वाट पाहावी लागते. प्रोटॉन मोजता येणार नाहीत इतके आहेत, म्हणून तरीही दर सेकंदाला ६० कोटी टन हायड्रोजन खपतो. त्यातलं सुमारे ४० लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं, बाकी सगळा हेलियम.

या साखळीचं गणित १९३८-३९ च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथेने बसवलं. १९६७ चं नोबेल त्याला त्याबद्दलच मिळालं.

धागाकर्ता:
मास्तर, लग्न जुळण्याची उपमा देऊ का? आमच्याकडे एक काका आहेत, वाट पाहताहेत... असो. पण सिलिंडरचा प्रश्न राहिलाच.

कडक_चहा:
सिलिंडर डोक्यातून काढा, कुकर घ्या. सूर्याचा सगळा बाहेरचा थर म्हणजे गाभ्यावर ठेवलेलं वजन. आतला दाब ते पेलून धरतो. गाभा जरा जास्त पेटला तर तो वजन उचलून प्रसरण पावतो, त्यामुळे थंड होतो, आच आपोआप कमी. आच कमी पडली तर वजन खाली येतं, गाभा आवळून तापतो, आच पुन्हा वाढते. म्हणून सूर्य फुटतही नाही आणि विझतही नाही.

आता भाचीला कण मोजायला लावा. चार हायड्रोजन म्हणजे चार प्रोटॉन आणि चार इलेक्ट्रॉन, एकूण आठ. त्यांचा हेलियम झाला की एक केंद्र आणि दोन इलेक्ट्रॉन, एकूण तीन. वजन तेवढंच, पेलणारे मात्र आठाचे तीन. मग गाभा दबतो, दबला की तापतो, तापला की भराभर जळतो. म्हणजे राख (हेलियम) साठते तशी आच वाढते, कमी होत नाही! जन्माच्या वेळी, ४६० कोटी वर्षांपूर्वी, सूर्याचं तेज आजच्या ७० टक्केच होतं.

निवृत्त_मास्तर:
कुकरमधून वाफ बाहेर जाते, सूर्यात तसं होत नाही. उपमा तेवढ्यापुरतीच घ्या. पुढचा भाग असा: गाभ्यातला हायड्रोजन संपला की तिथे नुसता हेलियम उरतो. तो पेटायला साधारण १० कोटी अंश लागतात, तोवर तो आवळत राहतो आणि त्याच्याभोवतीच्या हायड्रोजनच्या थराला इतकं तापवतो की तो थर पूर्वीच्या गाभ्यापेक्षा कितीतरी जोरात जळतो. त्या उष्णतेने बाहेरचं सगळं फुगतं. पृष्ठभाग पसरला म्हणून थंड, थंड म्हणून तांबडा. नंतर हेलियमचा कार्बन होतो. पण कार्बन पेटवण्याइतका सूर्य जड नाही. बाहेरचे थर उडून जातात आणि पृथ्वीएवढा श्वेत बटू मागे उरतो.

बुध, शुक्र गिळले जातील. पृथ्वीबाबत तज्ज्ञांतही एकमत नाही, तक्त्यावर प्रश्नचिन्ह काढा.

देवगडी_हापूस:
हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्गावर लागला, तेही घाला! इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरसाहेबाने तिथूनच सूर्यग्रहण पाहिलं. ग्रहण पाहायला वापरलेले 'साहेबाचे ओटे' अजून आहेत.

निवृत्त_मास्तर:
ओट्यांचा मान राहू द्या, पण लॉकियरला तिथे बसवू नका. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने आंध्रातल्या गुंटूरहून वेध घेतला. लॉकियरने ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटात (प्रकाशाच्या रंगपट्ट्यात) हेलियमची पिवळी रेषा पाहिली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये. आग कशाची हे कळायच्या कितीतरी आधी राख सापडली होती, हे मात्र जरूर लिहा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल आठ शेंगदाणे आणि तीन खजूर घेऊन बसलो आणि गणित समजावलं. तिने ऐकलं, शेंगदाणे खाल्ले आणि म्हणाली, "म्हणजे पूर्वी ऊन तीस टक्के कमी होतं. मग तेव्हा समुद्र गोठला नाही का?"

मास्तर, आहात का?

निवृत्त_मास्तर:
आहे. गोठला नव्हता, त्या काळच्या खडकांत पाण्याच्या खुणा आहेत. हवेत कार्बन डायऑक्साइडसारखे वायू जास्त असावेत, असं बहुतेकांचं म्हणणं आहे, पण हिशोब अजून पुरता जुळलेला नाही. वेगळा धागा काढा. आणि तिला विचारा, शेंगदाणे उरलेत का.