आशाताईंना स्तनपानाचं समुपदेशन शिकवताना: सासू, आजी आणि मधाचं बोट

गटप्रवर्तक_सातपुडा
पंचवीस आशाताईंचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे. ‘तासाभरात पाजा, सहा महिने फक्त आईचं दूध’ हे सगळ्यांना तोंडपाठ. तरी घरोघरी चीक पिळून टाकतात, मधाचं बोट चाटवतात, गुटी उगाळतात. ताईंसमोर "हो हो", पाठ फिरली की पहिले पाढे पंचावन्न. दोन दिवसांत नेमकं काय घ्यावं?

मेट्रनबाई
माहितीपत्रकं बाजूला ठेवा. गावातल्या बाळंतपणाच्या रीती ताईंकडूनच वदवून घ्या आणि फळ्यावर तीन रकाने करा. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांती: राहू द्या, कौतुकही करा. बाळंतिणीचं पाणी तोडणं, भाज्या बंद करणं: समजावून बदलायचं. चीक फेकणं, मध, गुटी, गुळपाणी: थांबवायचंच. मधातून बोट्युलिझमचा (बाळाला लुळं करणारी विषबाधा) धोका असतो, म्हणून वर्षाच्या आत मध अजिबात नाही. सरसकट सगळ्याच रीतींना नावं ठेवली की सासू पुढचं ऐकतच नाही. चिकासाठी शेतकरी घरात वासराचा दाखला पुरतो. वासराला चीक पाजायला कोणी अडवत नाही.

वेळेचाही घोळ आहे. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. मध चाटवतात पहिल्याच दिवशी! म्हणून हा विषय सातव्या महिन्यातच, आणि सासू समोर बसलेली असताना काढायचा.

दूधगंगा
वरच्याला अनुमोदन, पण दुसरा दिवस पूर्ण ‘दूध पुरत नाही’ या एकाच तक्रारीला द्या. वरचं दूध घरात येतं ते बहुतेक याच वाटेने.

जुन्या मोज्यात कापूस भरून स्तन करा, सोबत कापडी बाहुली. तिघींचे गट: बाळंतीण, सासू, आशा, दहा मिनिटांनी अदलाबदल. बाळाने स्तन नीट पकडल्याच्या चार खुणा प्रत्येकीने बोट ठेवून दाखवायच्या: तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालपेक्षा वर जास्त दिसणारा. नुसतं स्तनाग्र तोंडात गेलं की चिरा पडतात, दूध नीट निघत नाही आणि स्तन रिकामा न झाल्याने पुढे बनतंही कमी.

दूध पुरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा शू आणि दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन भरून आलेलं, एवढं बघा. पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर चीक बाळाला पुरतो. खरा चमचा काढून सासूला दाखवा.

आणि "दूध पाजतेस ना?" हा प्रश्न बंदच करा, त्याला उत्तर "हो"च येतं. "काल सकाळपासून बाळाच्या तोंडात काय काय गेलं?" असं विचारायला लावा. गुटी आपोआप बाहेर येते.

गटप्रवर्तक_सातपुडा
मधाचं बोट हा आजीचा मान असतो. तिथे काय करायचं?

मेट्रनबाई
मान आजीचाच ठेवा, मध बदला. आईने उकळलेल्या चमच्यात चीक काढायचा, आजीने पाजायचा. हाताने काढायची पद्धतही ताईंना मोज्यावर करून दाखवा: अंगठा वर, तर्जनी खाली, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे, आधी छातीकडे दाब, मग दोन्ही बोटं जवळ. कातडीवरून बोट घसरवलं की दुखतं आणि बाई पुन्हा हात लावू देत नाही.

दूधगंगा
दोन गोष्टी राहिल्या. हॉलमध्ये पावडरच्या दुधाच्या कंपनीचं कॅलेंडर, पिशवी काही नको. १९९२ च्या कायद्याने त्या जाहिरातीला बंदी आहे.

दुसरं, पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या ताईने सातव्या महिन्यात बोलून ठेवलेलं तिकडच्या आईला ठाऊकच नसतं. मुलगी निघण्याआधी माहेरच्या आशाताईला फोन करायचा, आणि तिचा नंबर माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून द्यायचा.