दोन लहान खासगी विद्यापीठं: नाव बघायचं की वेळापत्रक?

दोन_काठ
लेकीला दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. दोन्ही विद्यापीठं खासगी आणि दोन्ही लहान, म्हणजे सगळे मिळून दोन-अडीच हजार विद्यार्थी. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा नावांवरच घसरेल. एकाला 'टेकडी' म्हणतो, दुसऱ्याला 'रस्ता', कारण ती तशीच वसलेली आहेत. तिला सूक्ष्मजीवशास्त्र करायचंय.

टेकडीचं रँकिंग वरचं आणि शिष्यवृत्ती घसघशीत. इमारत तर अशी की फोटो काढायला माणसं येतात. रस्त्याचं नाव चार लोकांनी ऐकलेलं नाही, शिष्यवृत्तीही कमी.

आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो. टेकडीवर एका हसऱ्या मुलीने उलटं चालत चालत सगळं दाखवलं. प्रयोगशाळेत एक नवंकोरं यंत्र होतं, पडद्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. रस्त्याला दाखवायला कुणीच नव्हतं. एका बाईंनी किल्ली दिली आणि म्हणाल्या, जा, बघून या. तिथलं यंत्र जुनं, पण शेजारी एक नोंदवही होती, दोरीला पेन्सिल बांधलेली. पानोपानी वेगवेगळी अक्षरं, शेवटची नोंद त्याच सकाळची, 7.40 ची. लेक ती वही चाळत उभी राहिली. नोंदीत नावापुढे वर्ष लिहायची पद्धत होती आणि त्यात दुसऱ्या वर्षाची मुलं बरीच होती.

माझं मत तिथेच बनलं. लहान विद्यापीठ निवडताना रँकिंग आणि इमारत बाजूला ठेवावी आणि आपला विषय शिकवणारी माणसं मोजावीत. बायकोला हे पटलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

करकरीत
असहमत. वही छान आहे, पण नोकरीच्या मुलाखतीत तुमच्या लेकीला कुणी विचारणार नाही की पेन्सिल दोरीला बांधलेली होती का. अर्जांच्या ढिगाऱ्यात आधी नाव वाचलं जातं. रँकिंगमध्ये गडबड असते, मान्य. तरी ती एक चाळणी आहे आणि बाहेरचं जग तीच चाळणी वापरतं. बाप म्हणून तुम्ही भावनेत वाहताय. वहिनींचं बरोबर आहे.

खडूधूळ
मी अशाच एका लहान खासगी विद्यापीठात शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल.

करकरीत, चाळणीची भोकं कशी पाडतात ते सांगतो. 'आमचे 90 टक्के वर्ग 20 पेक्षा लहान' असं माहितीपत्रकात असतं. आता 10 वर्ग धरा. नऊ वर्गांत दहा-दहा मुलं आणि एका वर्गात 110. वर्गांची सरासरी आली 20. नव्वद टक्के वर्ग छोटे, हेही खरं. पण एकूण जागा 200, त्यातल्या 110 त्या एका हॉलमध्ये. मुलाच्या बाजूने मोजलं, म्हणजे 'तू बसतोस त्या वर्गात किती जण?' असं प्रत्येक जागेला विचारलं, तर सरासरी 65 येते. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त एक छापतात आणि दुसरा छापत नाहीत.

आणि कधी कधी पहिला आकडाही खरा नसतो. 2022 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्याच गणिताच्या एका प्राध्यापकांनी, मायकेल थॅडियस यांनी, आपल्या विद्यापीठाने 'यू.एस. न्यूज' या अमेरिकन प्रकाशनाच्या रँकिंगला दिलेले आकडे तपासले. विद्यापीठ म्हणत होतं 82.5 टक्के वर्ग 20 पेक्षा कमी मुलांचे. त्यांच्या मोजणीत ते 63 ते 67 टक्क्यांच्या आसपास भरले. त्या वर्षी कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आलं. आता सांगा, सहा महिन्यांत तिथलं शिकवणं सोळा पायऱ्या खाली घसरलं का? उलट बाजूने, रीड कॉलेज लहान आणि खासगीच, त्यांनी 1995 मध्ये या रँकिंगला माहिती देणंच बंद केलं. त्यांची अक्कल काही त्याने कमी झाली नाही.

दोन_काठ, तुमच्या वहीवर मात्र मी एवढा भाळणार नाही. लहान विभागात चार-पाच माणसं असतात. एक जण दुसरीकडे गेला, एक वर्षभराच्या रजेवर गेला, की जवळजवळ अर्धा विभाग रिकामा. अभ्यासक्रमपुस्तिकेत मात्र त्यांचे विषय छापलेलेच राहतात. म्हणून पुस्तिका वाचू नका. मागच्या चार सत्रांची वेळापत्रकं मागवा आणि कुठला विषय प्रत्यक्षात शिकवला गेला, कुणी शिकवला, त्यावर खूण करा. आमच्याकडे कुणी पालक हे मागत नाही. मागितलं तर आम्हाला घाम फुटेल.

करकरीत
घाम फुटेल असं स्वतःच म्हणताय आणि वर चाळणी वाईट! पालकाने चार सत्रांची वेळापत्रकं तपासायची, यंत्रांच्या वह्या चाळायच्या, प्राध्यापकांच्या रजा मोजायच्या. एवढा वेळ कुणाला असतो? म्हणूनच लोक नाव बघतात. सगळ्यांच्या ऐवजी कुणीतरी एकदा केलेली तपासणी असते ती.

खडूधूळ
त्या 'कुणीतरी'ने वेळापत्रक पाहिलेलं नसतं, हेच तर सांगतोय.

अर्धविराम
नावाबद्दल एक अभ्यास इथे आणायलाच हवा. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेत 1976 साली कॉलेजला गेलेल्या मुलांची पुढची कमाई पाहिली. हा निबंध 2002 मध्ये छापून आला. वजनदार कॉलेजातली मुलं जास्त कमावतात हे तर दिसतंच. पण त्यांनी तुलना केली ती ज्यांना सारख्याच कॉलेजांनी घेतलं आणि सारख्याच कॉलेजांनी नाकारलं अशा मुलांची. तेव्हा वजनदार कॉलेजात गेल्याचा फायदा जवळजवळ उरलाच नाही. म्हणजे कमाई मुलाच्या अंगच्या गुणांची, श्रेय मात्र पाटीला.

करकरीत
अर्धविराम, अभ्यास पूर्ण सांगा की. त्याच निबंधात गरीब घरातल्या मुलांना मात्र नावाचा फायदा झालेला दिसला. ज्यांच्या घरातून ओळखी मिळत नाहीत त्यांना पाटीच ओळख देते. तुमच्या माझ्या पोरांना आधाराला काका-मामा असतील, सगळ्यांना नसतात.

अर्धविराम
हो, तो भाग खरा आहे. मी सोडायला नको होता.
पण इथे दोन्ही विद्यापीठं लहान आहेत. टेकडीचं नाव असं कितीसं मोठं? दुरून डोंगर साजरे, तसं 'वरचं रँकिंग' म्हणजे नक्की कितवं आणि कशात, हे धाग्यात कुठेच नाही.

हिशेबनीस
भावना, पाटी, वही सगळं ठीक. पैशाचं कुणी बोलेना म्हणून मी बोलतो.

टेकडीची फी 100 धरा आणि शिष्यवृत्ती 40, ठोक. रस्त्याची फी 90 आणि शिष्यवृत्ती फीच्या 20 टक्के. फी दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढते असं मानू. टेकडीवर पहिल्या वर्षी भरायचे 60, चौथ्या वर्षी 79, कारण फी वाढते आणि 40 तिथेच राहतात. चार वर्षांचे मिळून साधारण 277. रस्त्यावर 72 पासून 86 पर्यंत, एकूण 315. अजूनही टेकडीच स्वस्त. पण ठोक शिष्यवृत्तीला बहुतेक गुणांची अट असते. दुसऱ्या वर्षी सेंद्रिय रसायनाने दणका दिला आणि तिसऱ्या वर्षापासून ती बंद झाली, तर एकूण 357 होतात. सगळा फायदा गेला आणि वर भुर्दंड. वर्ष अर्ध्यावर सोडून दुसरीकडे जाणंही सोपं नसतं.

तेव्हा पत्रातल्या तीन ओळी वाचा: रक्कम ठोक की टक्केवारीत, किती वर्षं, आणि कशावर अवलंबून. 'मागच्या तुकडीतल्या किती जणांची चौथ्या वर्षापर्यंत टिकली?' हेही विचारा.

अवांतर: घसघशीत शिष्यवृत्तीने हुरळून जाऊ नये. अमेरिकेतली खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना छापील फीवर सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात. आधी किंमत चढवायची आणि मग सवलतीचा फलक लावायचा, हे दुकानदारीत जुनंच आहे. मुलाला वाटतं गुणांचं कौतुक झालं.

उंबरठा
दोन्ही नको. लहान खासगी म्हणजे वाऱ्यावरची वरात. फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने 31 मे 2024 ला जाहीर केलं की 7 जूनला बंद होतोय. एक आठवडा! पुढच्या सत्राची तयारी करून बसलेली मुलं तशीच राहिली. सरळ मोठं सरकारी विद्यापीठ बघा.

दोन_काठ
उंबरठा, ते दार तिच्या विषयासाठी यंदा बंद झालंय, म्हणूनच हे दोन. पण बंद पडण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. ते कसं ओळखायचं?

हिशेबनीस
छातीठोक कुणीच सांगू शकणार नाही. पाच वर्षांची प्रवेशसंख्या बघा, सतत उतरत असेल तर कान टवकारा. खर्चातला किती भाग निव्वळ फीवर चालतो ते बघा. जवळ निधी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बराचसा निधी देणगीदारांनी ठरावीक कामासाठीच बांधून दिलेला असतो, पगाराला उपयोगी येत नाही. व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायर या मुलींच्या कॉलेजकडे निधी होता, तरी 2015 च्या मार्चमध्ये त्यांनी बंद करत असल्याचं जाहीर केलं. माजी विद्यार्थिनी कोर्टात गेल्या, पैसे उभे केले आणि कॉलेज चालू राहिलं. आणि हो, नवीन काचेची इमारत कर्ज काढून बांधली असेल तर त्याचे हप्ते पुढच्या तुकड्या भरतात.

सहावं_सत्र
मी सध्या लहान खासगी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. काका, रागावू नका, पण इतक्या प्रतिसादांत लेकीचं मत कुठे आहे? वही तिने चाळली आणि मत तुमचं बनलं.

ज्या विषयासाठी मी आले तो माझ्या वेळी एकदाही चालला नाही. पुरेशी मुलं नाहीत म्हणून दोनदा रद्द. खडूधूळ सर म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे. पण दुसरीही एक गोष्ट आहे, ती कुणी बोलत नाही. चार शिक्षकांच्या विभागात एकाशी बिनसलं तर जायचं कुठे? माझं एका सरांशी दुसऱ्या वर्षी वाजलं. तेच प्रकल्प वाटतात, शिफारसपत्रही तेच देतात. मोठ्या ठिकाणी माणूस गर्दीत लपतो. इथे जिन्यात रोज समोरासमोर.

तरीही मी पुन्हा इथेच येईन. कारण याच विभागातल्या एका बाईंनी मला पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेची किल्ली दिली आणि 'मोडलंस तरी सांग, लपवू नकोस' म्हणाल्या. मी मोडलंही. सांगितलंही. तिथून मला हा विषय कळायला लागला.

अर्धविराम
यावरून आठवलं. गॅलप आणि पर्ड्यू विद्यापीठाने 2014 मध्ये तीस हजारांवर पदवीधरांना विचारलं होतं. कॉलेज सरकारी की खासगी, याने पुढच्या कामातल्या समाधानात फारसा फरक दिसला नाही. माझी काळजी करणारा शिक्षक होता, शिकायची गोडी लावणारा होता, मागे उभा राहणारा होता, असं ज्यांनी सांगितलं त्यांच्यात दिसला. तिन्ही लाभलेले मात्र शंभरात चौदाच. करकरीत आधीच म्हणतील की खूश माणसाला जुने शिक्षकही चांगलेच आठवतात. तो आक्षेप मलाही मान्य आहे.

करकरीत
मनातलं बोललात.

दोन_काठ
दहा दिवसांनी लिहितोय. सहावं_सत्र, तुझं बरोबर होतं, शरमलो. धागा तिला वाचायला दिला. तिने स्वतःच दोन्हीकडच्या विभागांना एकच मेल पाठवली: मागच्या चार सत्रांत सूक्ष्मजीवशास्त्राचे कुठले विषय शिकवले गेले आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलाला प्रयोगशाळेत काम मिळतं का?

टेकडीकडून दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, प्रवेश कार्यालयाचं. 'आपल्या उत्सुकतेबद्दल आभार' आणि सोबत तेच माहितीपत्रक. विषयांची यादी नाही. तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच.

रस्त्याकडून आठवडाभर काहीच नाही. मग एका प्राध्यापकांचं उत्तर आलं, बहुधा रात्री उशिरा लिहिलेलं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. चार सत्रांत सहा विषय झाले, त्यांची नावं. विषाणूशास्त्र दोन वर्षं झालेलं नाही, कारण शिकवणारे सोडून गेले, जागा भरायची परवानगी अजून आलेली नाही. प्रयोगशाळेत काम मिळतं, पण पहिले दोन महिने भांडी धुवायची, आणि ते स्वतः पुढच्या वर्षी रजेवर आहेत.

विषाणूशास्त्र हाच तिचा आवडता भाग. आता घरात तीन मतं झालीत. ती म्हणते रस्ता. हिची टेकडी कायम. मी आता पहिल्याइतका ठाम नाही.

करकरीत
म्हणजे ज्या विषयासाठी जायचं तो नाही, ज्या सरांनी लिहिलं ते रजेवर, आणि तरी रस्ता?

दोन_काठ
तिला हेच विचारलं. म्हणाली, तिकडे तो विषय आहे की नाही हेसुद्धा कुणी सांगितलं नाही.

खडूधूळ
तिला त्या सरांना एकच ओळ परत लिहायला सांगा: तुम्ही रजेवर असताना प्रयोगशाळा कुणाकडे? शिक्षण शुल्क भरण्याच्या तारखेआधी उत्तर मिळालं पाहिजे.

दोन_काठ
लिहिलंय. तारीख अठराला आहे.